यंत्राने जहाज ओळखलं, हे ठरवायचं कसं?

तत्त्वज्ञानाच्या माणसाचं जहाजांशी काय काम, असं काहींना वाटेल. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे. एखादी गोष्ट 'ओळखली' असं आपण केव्हा म्हणतो?

इन्फ्रारेड कॅमेरा उष्णता टिपतो. काळोख्या रात्रीही जहाजाचं धुराडं थंड समुद्रावर उजळ दिसतं. मात्र दिवसातून काही वेळा जहाजाचा पत्रा आणि पाणी जवळपास सारखेच तापलेले असतात. तेव्हा आकार पुसट होतो. हवेतली वाफ आणि लाटांवरची उन्हाची चमकही घोटाळा करते.

न्यायदर्शनात संशयाचं प्रसिद्ध उदाहरण आहे: दूरवर दिसतो तो खांब की माणूस? उंची दोघांनाही असते. हातपाय दिसले की संशय फिटतो. अमेरिकेत जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये हीच पायरी मोजली, माणसाच्या नजरेसाठी. लक्ष्याच्या लहान बाजूवर काळ्या-पांढऱ्या रेघांच्या किती जोड्या वेगळ्या दिसायला हव्यात? 'काहीतरी आहे' एवढं निम्म्या वेळा कळायला साधारण १, कोणत्या वर्गातलं ते कळायला ४, नेमका प्रकार कळायला ६.४. म्हणून कुणी 'आमचं यंत्र जहाज ओळखतं' म्हणालं, तर आधी विचारावं, यातली कोणती पायरी?

आता चाचणीकडे येऊ. व्हिडिओतल्या लागोपाठच्या दोन चित्रांत फरक जवळजवळ नसतो. एक शिकवायला वापरलं आणि दुसरं परीक्षेला, तर तो पेपर फुटलाच म्हणायचा! परीक्षेला वेगळा दिवस हवा, वेगळं हवामान हवं, शक्यतो वेगळं बंदरही हवं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. यंत्राचं उत्तर तपासायला 'खरं उत्तर' लागतं. समुद्रावर ते बरेचदा एआयएसवरून घेतात. या यंत्रणेतून जहाज स्वतःच आपलं नाव, जागा आणि वेग कळवतं. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या जहाजांना ती सक्तीची आहे. लहान मासेमारी होडीवर ती असेलच असं नाही. समजा, यंत्राला अशी होडी दिसली. उत्तरांच्या यादीत ती नाही, म्हणून परीक्षक लिहितो: 'खोटा इशारा'. बघा हं, यंत्राचं उत्तर बरोबर आणि गुण मात्र कापले! मग गुण वाढवायला यंत्रात सुधारणा करताना आपण त्याला काय शिकवतो? होडीकडे दुर्लक्ष कर. आणि रात्री मोठ्या जहाजाच्या वाटेत नेमकी तीच होडी असते, तिच्यात माणसं असतात.

माग ठेवण्याचंही तसंच. दोन जहाजं एकमेकांना ओलांडून गेली आणि यंत्राने त्यांची नावं अदलाबदल केली, तर प्रत्येक चित्रात 'दोन जहाजं दिसली' हे उत्तर बरोबरच ठरतं. चूक दिसते ती सगळा प्रवास एकत्र पाहिला तरच. म्हणून ओळखीची अदलाबदल किती वेळा झाली, हे वेगळं मोजावं लागतं.

तेव्हा कुणी टक्केवारी दाखवली, तर तिच्यामागची उत्तरांची यादी मागा. ती कुणी केली, कशावरून केली आणि तिच्यात कोण राहून गेलं, हे विचारा. प्रमाणाचंही प्रमाण मागायचं, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. ती इथेही कामाला येते.