टायरच्या कडेवरची छोटी खूण

पोर्शे ९११ च्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसून टायरची कड वाचली, की आकड्यांची एक ओळ दिसते : २९५/३५ झेडआर २०, १०५ वाय. २९५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी. ३५ म्हणजे कडेची उंची त्या रुंदीच्या ३५ टक्के, जेमतेम दहा सेंटिमीटर. २० हा रिमचा इंचांतला व्यास. १०५ या भारांकाचा अर्थ असा, की हा एक टायर ९२५ किलोपर्यंत भार पेलतो. 'वाय' म्हणजे ताशी ३०० किलोमीटरचा वेग.

अशी ओळ प्रत्येक टायरवर असते. या टायरवर तिच्या आसपास मात्र 'एन' हे अक्षर आणि त्याला जोडून शून्य, एक, दोन असा एखादा आकडा कोरलेला असतो. हा टायर पोर्शेने आपल्या गाडीसाठी तपासून मान्य केला आहे, याची ती खूण. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर या खुणेशिवायही मिळतो, आणि अनेकदा स्वस्त मिळतो. मग फरक रबरात आहे की नुसत्या छापात?

फरक रबरात आहे, आणि रबराखालीही आहे.

त्याचे मूळ ९११ च्या घडणीत सापडते. या गाडीचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे बसवलेले असते, त्यामुळे जवळजवळ साठ टक्के वजन मागच्या चाकांवर येते. म्हणून ९११ कॅरेराच्या सध्याच्या पिढीत पुढे २३५ आणि मागे २९५ मिलिमीटर रुंदीचे टायर असतात. पुढच्या टायरांची पकड मागच्यांच्या मानाने वाढली, तर वळणावर गाडीचे तोंड झटकन आत वळते आणि जड शेपूट बाहेर फेकले जाते. हा तोल साधण्यासाठी टायर कंपनीचे आणि पोर्शेचे अभियंते मिळून रबराचे मिश्रण, आतल्या पट्ट्यांची रचना, कडेचा ताठपणा, कधीकधी नक्षीसुद्धा बदलतात. मग कोरड्या आणि ओल्या रस्त्यावरची पकड, भन्नाट वेगातले स्थैर्य, आवाज आणि झीज अशा चाचण्या होतात. दक्षिण इटलीतल्या नार्दो येथे १२.६ किलोमीटरचा गोल चाचणीमार्ग आहे. २०१२ पासून तो पोर्शेच्याच ताब्यात आहे.

खुणेतला आकडा गुणवत्तेचा क्रमांक नव्हे. एखाद्या टायरची पहिली मान्य आवृत्ती 'एन शून्य', त्याच टायरची सुधारलेली पुढची 'एन एक'. पुढे एक आकडा आणि मागे दुसरा, अशी सरमिसळ पोर्शेला मान्य नाही.

ही प्रथा एकट्या पोर्शेची नाही. बीएमडब्ल्यूसाठी घडवलेल्या टायरवर चांदणी असते, मर्सिडीजच्या टायरवर 'एमओ', ऑडीच्या टायरवर 'एओ'. टेस्लाच्या टायरवर 'टी' हे अक्षर असते. या गाड्यांत बॅटरीचे वजन मोठे आणि इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे टायरची घरघर चटकन कानाला लागते. ती कमी व्हावी म्हणून त्यांच्या अनेक टायरांत आतून फोमचा पट्टा चिकटवलेला असतो.

गाडीपुरता टायर घडवण्याचे टोक २०१९ मध्ये जर्मनीतल्या एरा-लेसियन येथे दिसले. बुगाटी शिरॉनने तिथे ताशी ४९०.४८ किलोमीटरचा वेग गाठला. त्या वेगात चाक मिनिटाला चार हजारांच्या आसपास फेरे घेते. त्यासाठी मिशेलिनने टायरमधले पट्टे मजबूत केले होते आणि चाकावर चढवण्यापूर्वी प्रत्येक टायरचा एक्स-रे काढला होता.

याचा अर्थ खूण नसलेला टायर वाईट, असा मुळीच नाही. माप, भारांक आणि वेगाचे अक्षर जुळत असेल, तर चांगल्या कंपनीचा साधा टायर सुरक्षितच असतो. मान्यता एका ठरावीक घडणीला मिळते. पुढे कंपनीने नवी पिढी आणली, तर खूण नसलेला नवा टायर ओल्या रस्त्यावर जुन्या मान्य टायरपेक्षा सरस ठरू शकतो. खरा धोका चारांपैकी दोनच बदलून भलती जोडी जमवण्यात आहे. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत तर टायरांच्या घेरातला थोडासा फरकही गियरच्या यंत्रणेवर ताण आणतो.

चाकणला जुळणी होणाऱ्या मर्सिडीजच्या टायरवर 'एमओ' ही अक्षरे आढळू शकतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना जास्तीत जास्त ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे, तेव्हा ३०० चा 'वाय' तिथे कधीच पणाला लागत नाही. पण आषाढात खंडाळ्याच्या उतारावर ब्रेक दाबावा लागतो, तेव्हा चारही टायरांची पकड एकमेकांशी जुळलेली असावी लागते. टायर बदलताना म्हणूनच दुकानदाराला जुन्या टायरच्या कडेचा फोटो दाखवावा आणि नव्यावरचा चार आकडी तारखेचा ठसाही वाचावा. २३२१ असेल, तर तो २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे.