पोष ग्रंथीतील विद्युत क्रिया आणि ॲडेनोसिन

पोष ग्रंथी ही मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी अंतःस्रावी ग्रंथी होय. तिच्या अग्रखंडातील वृद्धी संप्रेरक व प्रोलॅक्टिन स्रवणाऱ्या पेशी बाह्य संदेश नसतानाही आपोआप विद्युत स्पंद निर्माण करतात. हा गुण केवळ चेतापेशींचा नव्हे. स्पंदासोबत कॅल्शियम आयन पेशीत शिरतात आणि संप्रेरक बाहेर पडते.

ॲडेनोसिन या स्पंदांना आवर घालते. पेशीपटलावरील ए१ ग्राहींशी त्याचा संयोग झाला की जी-प्रथिनांमार्फत पोटॅशियमच्या मार्गिका उघडतात. धनभारित पोटॅशियम बाहेर गेल्याने पेशीची आतील बाजू अधिक ऋणभारित होते, स्पंद मंदावतात वा थांबतात आणि कॅल्शियमचा प्रवेश घटतो. शिवाय चक्रीय एएमपीची निर्मितीही कमी होते.

विशेष म्हणजे या ॲडेनोसिनचा एक उगम एटीपी हाच आहे. पेशीबाहेर आलेले एटीपी आधी काही पेशींना उद्दीपित करते. विकरांनी त्याचे विघटन केल्यावर उरणारे ॲडेनोसिन मात्र त्यांना शांत करते.

चहा-कॉफीतील कॅफीन ॲडेनोसिनचे ग्राही अडवते, हे खरे. परंतु वरील माहिती मुख्यतः उंदरांच्या पेशींवरील, तसेच त्यांच्या अर्बुदापासून मिळवलेल्या जीएच३ पेशींवरील प्रयोगांतून आलेली आहे. तिच्या आधारे चहाच्या पेल्याचा संबंध माणसाच्या पोष ग्रंथीशी जोडण्याची घाई करू नये.