वादळात उडालेले छप्पर आणि विम्याचा दावा

दि. ३ जून २०२० रोजी दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या जवळ किनाऱ्याला धडकले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच बाणकोट खाडीच्या अलीकडे-पलीकडे नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि घरांची कौले व पत्रे पालापाचोळ्यासारखे उडाले. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात आहे तो तालुका आणि शेजारचा दापोली यांचीही तीच गत झाली. त्यातून सावरतो न सावरतो तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगत वर सरकत गुजरातला गेले. आपल्या संस्थेचे बरेचसे सभासद याच पट्ट्यातले आहेत. नोकरी मुंबईत आणि घर गावी बौद्धवाडीत, अशी आपली विभागणी. म्हणून या विषयावर चार शब्द लिहावेत, असे संपादक मंडळाने सुचविले.

मी बँकेत कारकून आहे, विमा कंपनीचा माणूस नव्हे. तरीही हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या मामांमुळे. मामांचे घर चिऱ्याच्या भिंतींचे आणि मंगलोरी कौलांचे. निसर्ग वादळात आढ्यावरचे सगळे कोने आणि पश्चिमेकडची निम्मी कौले गेली, आंब्याची फांदी पडून चार वासे मोडले. पावसाळा तोंडावर. मामांनी आठवडाभरात सुतार-गवंडी लावून छप्पर शाकारून घेतले, पैसे रोख दिले, फुटकी कौले पाणंदीत भरावाला टाकली. महसूल खात्याचा पंचनामा झाला, गावी त्याला अजून तलाठ्याचा पंचनामाच म्हणतात. मामांच्या लेखी विषय तिथे संपला.

दिवाळीत मी गावी गेलो तेव्हा सहज त्यांचे कर्जखात्याचे पासबुक पाहिले. दरवर्षी एका ठराविक महिन्यात काहीशे रुपये 'विमा' म्हणून वजा होत होते. मामांना विचारले तर म्हणाले, "ते बँकेचं काहीतरी असतं रे." ते बँकेचे काहीतरी नव्हते. ते त्यांच्याच घराच्या विम्याचे होते. घरदुरुस्तीसाठी कर्ज दिलेल्या बँकेने घर तारण म्हणून विमा उतरविला होता आणि पॉलिसीचा कागद कर्जाच्या फाइलमध्ये पाच वर्षे पडून होता. मामांना तो कोणी दाखविला नव्हता आणि त्यांनीही मागितला नव्हता.

माझ्या मते आपल्या लोकांचे खरे नुकसान इथेच होते. छप्पर उडाल्यावर शासकीय मदतीच्या यादीत नाव आले की नाही, याची चौकशी आपण दहा वेळा करतो. ती करावीच. पण ती मदत किती असते? केंद्राने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरविलेल्या निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये होते. राज्य सरकार प्रसंगी त्यात भर घालते, निसर्गच्या वेळीही घातली होती. तरी ते साहाय्य आहे, भरपाई नव्हे. विम्याचा दावा ही मात्र कोणाची मेहेरबानी नसते. आपण हप्ता भरलेला असतो, कंपनीने लेखी करार केलेला असतो. सरकारी मदत मिळाली म्हणून विम्याचा हक्क आपोआप बुडत नाही. मदत किती मिळाली ते मात्र विचारल्यास खरे सांगावे.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे आपल्या घराचा विमा आहे की नाही हे शोधणे. काउंटरवर बसून माझ्या लक्षात आलेला एक घोटाळा येथे सांगतो. अनेकांच्या बचत खात्यातून वर्षाला २० रुपये आणि ४३६ रुपये कापले जातात आणि घरचा विमा झाला अशी त्यांची समजूत होते. २० रुपयांची ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, म्हणजे अपघात विमा. ४३६ रुपयांची जीवन ज्योती, म्हणजे आयुर्विमा. यांतून एक कौलही मिळत नाही. गृहकर्जाबरोबर घेतलेला 'कर्ज संरक्षण' विमासुद्धा बहुधा कर्जदाराच्या जिवाचा असतो, घराचा नसतो. घराचा विमा वेगळा. कर्ज असल्यास शाखेत साधा अर्ज देऊन पॉलिसीची प्रत मागावी. ती मागणे हा आपला अधिकार आहे, उपकार मागणे नव्हे. कर्ज फिटल्यावर बँक नूतनीकरण करीत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. रमाई आवास किंवा अन्य घरकुल योजनेतून बांधलेल्या घरांचा विमा बहुधा कोणी उतरविलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट, पॉलिसीत वादळ आहे का? १ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' या नावाची एकाच नमुन्याची पॉलिसी देणे बंधनकारक झाले. तिच्यात आग, वीज, भूकंप यांच्याबरोबर वादळ, चक्रीवादळ, पूर आणि दरड कोसळणे हे सर्व धरलेले आहे. त्याआधीच्या आगीच्या पॉलिसीत वादळ-पुराचा भाग वगळून हप्ता कमी करून घेता येत असे, आणि चार पैसे वाचविण्यासाठी तो वगळलाही जात असे. नव्या पॉलिसीत घराबरोबर घरातील सामानाचाही विमा आपोआप येतो. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपये. छप्पर उडून आत पाऊस पडला आणि गाद्या, कपाट, टीव्ही भिजले तर त्याचाही दावा करता येतो. हे माहीत नसल्याने लोक फक्त कौलांचे पैसे मागतात.

रक्कम किती धरायची, हा मुद्दा मी जरा सविस्तर मांडतो, कारण मामा त्यातच अडकले. विमा घराच्या बाजारभावाचा नसतो, जमिनीचा तर नसतोच. तेच घर आज नव्याने बांधायला जो खर्च येईल त्याचा असतो. चटई क्षेत्र ५०० चौरस फूट आणि बांधकामाचा दर फुटाला १,८०० रुपये धरला तर ९ लाख. मामांच्या बँकेने मात्र कर्जाइतकाच, म्हणजे ३ लाखांचा विमा उतरविला होता आणि घर होते ६ लाखांचे. जुन्या पॉलिसीत अशा वेळी 'सरासरी'चा नियम लागू होई. घराचा अर्धाच विमा असेल तर नुकसानही अर्धेच मिळणार, मग ते विमा रकमेच्या कितीही आत असो. भारत गृह रक्षा पॉलिसीत हा नियम काढून टाकला आहे. नुकसान विमा रकमेच्या आत असेल तर त्या कारणाने कपात होत नाही. पण सगळे घरच पडले तर विमा रकमेपेक्षा अधिक मिळणार नाही, म्हणून रक्कम पुरेशी धरणे बरे. तसेच मागाहून पडवी किंवा खोली वाढविली आणि चटई क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त वाढले, तर कंपनीला कळवून जादा हप्ता भरावा लागतो. न कळविल्यास वाढीव भागाला संरक्षण नाही.

चाकरमान्यांसाठी आणखी एक बाब. गावचे घर गणपती आणि मे महिना सोडला तर बंद असते. जुन्या आगीच्या पॉलिसीत, घर सलग ३० दिवसांहून अधिक रिकामे राहिले आणि कंपनीची आधी संमती घेतली नसेल तर विमा खंडित होण्याची अट असे. आपल्या पॉलिसीत बंद घराविषयी काय लिहिले आहे ते वाचावे, आणि विमा घेतानाच 'घर वर्षातील बहुतेक काळ बंद असते' असे लेखी कळवून पोच घ्यावी.

आता प्रत्यक्ष वादळ झाल्यावर. आपली स्वाभाविक धडपड छप्पर झाकण्याची असते आणि ती योग्यच आहे. आणखी नुकसान होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेणे हे विमेदाराचे कर्तव्यच मानले जाते. परंतु ताडपत्री टाकण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. मोबाईलवर घराच्या चारही बाजूंनी फोटो घ्यावेत. मोडलेले वासे-रीपा, उडून शेजारच्या आवारात पडलेले पत्रे, आतले भिजलेले सामान, भिंतीवरचे ओघळ, सगळे टिपावे. एखाद्या फोटोत घरक्रमांकाची पाटी यावी. फुटकी कौले आणि वाकलेले पत्रे कोपऱ्यात रचून ठेवावेत, सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत ते पुरावा आहेत. आमच्या मामांनी तो पुरावा पाणंदीत पुरला.

कंपनीला त्वरित कळवावे. फोनवर कळविले तर तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि त्याच दिवशी ई-मेल किंवा अर्ज करून पोच ठेवावी. भारत गृह रक्षामध्ये नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत दावा अर्ज द्यायचा असतो. त्यासोबत सुतार-गवंड्याचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. ते 'छप्पर दुरुस्ती ७०,००० रुपये' असे एका ओळीत नसावे. कौले किती, कोने किती, वासे किती फुटी, रीपा किती, मजुरीचे दिवस किती, अशी फोड असावी. एका ओळीच्या आकड्याला कात्री लावणे सोपे जाते, फोड केलेल्या आकड्यातली प्रत्येक बाब खोडून दाखवावी लागते. सामान पावतीवरच घ्यावे. पडलेली मोडतोड उचलण्याचा खर्चही पॉलिसीत मर्यादित प्रमाणात मिळतो, तो अर्जात लिहावा.

सर्व्हेअर येतो तेव्हा घरातील जाणते माणूस हजर असावे. तो कंपनीने नेमलेला असला तरी परवानाधारक असतो आणि प्रत्यक्ष पाहून अहवाल देणे त्याचे काम आहे. त्याच्याशी हुज्जत नको आणि अवाच्या सवा आकडाही नको. पाच वर्षांपासून गळणारा पत्रा वादळाच्या खात्यावर टाकला की उरलेल्या खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास जातो. जुनी गळती, गंज, वाळवी हे विम्याचे विषय नव्हेत. नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार सर्व्हेअरचा अहवाल १५ दिवसांत यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, अशी अपेक्षा आहे. केवळ कागद अपुरे म्हणून दावा फेटाळू नये, असेही त्यात म्हटले आहे.

कागदांतला सर्वांत अवघड कागद कोणता, तर घराच्या मालकीचा. गावठाणातील घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा बघा. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव निघेल. विमा मुलाच्या नावावर, उतारा वारलेल्या आजोबांच्या नावावर, आणि भाऊ तिघे. मग कंपनी ना-हरकत मागते आणि भावकीत जुनी धुणी निघतात. वारस नोंद वादळाआधी शांत डोक्याने करून घ्यावी.

दावा नाकारला किंवा फार कमी मंजूर झाला तर कारण लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्यावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत. शुल्क नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. अर्ज साध्या भाषेत तारीखवार लिहावा. घरातील महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींनी हे काम हाती घ्यावे. माझ्या मामेबहिणीने, त्या वेळी ती बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला होती, सगळा पत्रव्यवहार स्वतः केला.

मामांच्या दाव्याचे असे झाले. उशिरा कळविले आणि पुरावा नाही म्हणून कंपनीने प्रथम नकार दिला. पंचनाम्याची प्रत मिळविली. शेजारच्या मुलाने वादळाच्या दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून काढलेल्या फोटोंत मामांचे उघडे छप्पर मागे दिसत होते. ते जोडून तक्रार केली. ७२,००० रुपयांच्या खर्चातून कौलांच्या वयाची घट वजा झाली, सरासरीच्या नियमाने उरलेले निम्मे झाले, आणि हाती आलेली रक्कम २७,००० रुपये. तीही हाती नव्हे. पॉलिसीवर बँकेचे नाव असल्याने पैसे थेट कर्जखात्यात गेले. दुरुस्तीसाठी रक्कम मोकळी करावी असा अर्ज आधी दिला असता तर शाखेने विचार केला असता, पण तो मला सुचला नाही, आणि मी बँकेतला माणूस!

जाता जाता आपल्या बुद्ध विहाराविषयी. विहारावरचे पत्रे दोनदा बदलले, दोन्ही वेळा वर्गणी काढून. घरासाठीची पॉलिसी विहाराला चालत नाही. त्यासाठी संस्थेच्या नावाने वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, आणि त्याकरिता इमारतीची ग्रामपंचायतीकडील नोंद संस्थेच्या नावावर असणे आवश्यक आहे. ती नोंद सध्या एका दिवंगत कार्यकर्त्याच्या नावावर आहे. हा विषय कार्यकारिणीने पावसाळ्यापूर्वीच्या बैठकीत घ्यावा. लागणारे अर्ज मी तयार करून ठेवले आहेत.