अँटेनाची केबल आणि एअरबॅग
हॅम रेडिओचा अँटेना मोटारीच्या छतावर मधोमध बसविणे उत्तम. भोवतालच्या पत्र्यामुळे संदेश सर्व दिशांना जवळपास सारखा पोहोचतो. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची, सुमारे ५० सेंटीमीटर लांबीची काडी पुरते. खरी कसोटी केबल आत नेताना लागते. छिद्राच्या कडेला गंजरोधक रंग आणि अँटेनाच्या बुडाशी रबरी वॉशर हवा. अन्यथा पावसाचे पाणी आत झिरपते. तेथून केबल छताच्या अस्तरामागून खांबातून खाली उतरवितात. मात्र अनेक मोटारींत छताच्या कडेला, अस्तरामागेच कर्टन एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. केबल तिच्यासमोरून गेल्यास अपघातसमयी ती उघडण्यास अडथळा येऊ शकतो. म्हणून केबल एअरबॅगच्या मागून न्यावी. खांबातील एअरबॅगची जागा ठाऊक नसल्यास पॅनेल उचकटण्याआधी जाणकाराला विचारावे.