मालमत्तेची हानी : गुन्हा, शिक्षा आणि भरपाई

बेळगाव-निपाणी सीमाभागात भाषावाद पेटला की पहिला आघात वाहनांवर व दुकानांच्या फलकांवर होतो. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळील हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली. अशा गर्दीत विद्यार्थीही ओढले जाऊ शकतात; म्हणून या विषयाचा कायदा अध्यापकांना माहीत असणे आवश्यक आहे.

दुसऱ्याच्या मालमत्तेची हेतुपुरस्सर किंवा परिणामाची जाणीव असताना केलेली नासधूस म्हणजे कायद्याच्या भाषेत 'आगळीक'. खेळताना चेंडू लागून काच फुटली, तर ती आगळीक नव्हे. दगड नेम धरून मारला, तर आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ५० रुपये वा अधिक नुकसानीस दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३२४ लागू झाले. त्यानुसार साध्या आगळिकीस सहा महिन्यांपर्यंत, शासकीय वा स्थानिक संस्थेच्या मालमत्तेस हानी केल्यास एक वर्षापर्यंत, २० हजार ते एक लाखाच्या आतील नुकसानीस दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख वा अधिक नुकसानीस पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या तारखेपूर्वीच्या कृत्यांना मात्र जुनाच कायदा लागू राहतो.

आगीचा प्रकार अधिक गंभीर आहे. शेतातला ऊस जाणूनबुजून पेटवल्यास कलम ३२६ नुसार सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे; निपाणीची तंबाखूची वखार पेटवल्यास त्याच कलमानुसार जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. बस कर्नाटकाची असो वा महाराष्ट्राची, ती सार्वजनिक मालमत्ता आहे. १९८४ च्या केंद्रीय कायद्यानुसार तिची मोडतोड केल्यास पाच वर्षांपर्यंत, तर जाळल्यास किमान एक व कमाल दहा वर्षे कैद आहे.

'मी दगड मारला नाही, नुसता उभा होतो' हा बचाव नेहमीच टिकत नाही. पाच वा अधिक जणांच्या बेकायदा जमावाने समान उद्दिष्टासाठी गुन्हा केल्यास जमावातील प्रत्येक सदस्य दोषी ठरू शकतो. केवळ बघ्याची गोष्ट वेगळी. पण ते सिद्ध करताना वर्षे जातात आणि नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत प्रलंबित खटला आडवा येतो.

ज्याचे नुकसान झाले त्याने छायाचित्रे, पंचनामा व दुरुस्तीची पावती जपावी, कारण शिक्षेचा टप्पा आता नुकसानीच्या रकमेवर ठरतो. दंडाच्या रकमेतून भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंदोलनाच्या आयोजकांवरही भरपाईची जबाबदारी टाकण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली.

भरपाईचा हा विचार आपल्याला परका नाही. कुरआनातील सूरह अंबियामध्ये मेंढ्यांनी नासवलेल्या शेताचा हजरत दाऊद व हजरत सुलैमान (अलैहिस्सलाम) यांच्यापुढील निवाडा आला आहे. हक्क मागताना दुसऱ्याचा हक्क बुडवू नये, हे वर्गात कलमांसोबतच शिकवले जावे.