‘एक मूल होऊ दे, मग बघ’

‘एक मूल होऊ दे, मग बघ कसा ताळ्यावर येतो.’ नवऱ्याच्या मारहाणीबद्दल मुलगी माहेरी पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा हे वाक्य तिला हमखास ऐकवलं जातं. सांगणारे तिचे वैरी नसतात, पोटची पोर सुखानं नांदावी एवढंच त्यांना हवं असतं. मग मूल होतं, मार थांबत नाही, आणि तीच माणसं म्हणतात, ‘आता पदरात लेकरू आहे, त्याच्यासाठी तरी सोस.’ आधी मूल नाही म्हणून थांबायचं, नंतर मूल आहे म्हणून! हे ऐकून संताप येतो, कारण या हिशेबात तिच्या सुटकेची वेळ कधी येतच नाही.

मारणारा माणूस घरात पाळणा हलत नाही म्हणून मारत नाही. बायको आपल्या मुठीत राहावी म्हणून तो मारतो. मुलामुळे ती मूठ आणखी आवळली जाते. तिची नोकरी सुटते, हातात पैसा राहत नाही, तान्ह्या बाळाला घेऊन रात्री घराबाहेर पडणं जवळजवळ अशक्य होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी ना कधी गरोदर राहिलेल्या सुमारे ३ टक्के स्त्रियांनी त्या दिवसांतही मारहाण झाल्याचं सांगितलं. शिवीगाळ, उपाशी ठेवणं, तपासणीला न नेणं या आकड्यात धरलेलंच नाही. अशा हिंसेमुळे गर्भपाताचा, दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीचा आणि कमी वजनाच्या बाळाचा धोका वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि लेकरासाठी सोसायचं म्हणजे लेकराला नेमकं काय द्यायचं? मुलं झोपल्याचं सोंग घेऊन सगळं ऐकत असतात. ज्यांनी लहानपणी आईला वडिलांचा मार खाताना पाहिलं, त्या स्त्रियांच्या वाट्याला पुढे नवऱ्याची हिंसा येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असल्याचं हेच सर्वेक्षण दाखवतं.

याच पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के जणींनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. त्यांतल्या बहुतेकींनी ती माहेरीच मागितली, पोलिसांपर्यंत फार थोड्या गेल्या. म्हणून आई-वडिलांचं पहिलं उत्तर इतकं महत्त्वाचं ठरतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची रीत आहे. हे काही आठवडे वाया घालवू नका. फोन वाजला की ती दचकते का? प्रत्येक बोलणं स्पीकरवर ठेवावं लागतं का? पगार तिचा आणि एटीएम कार्ड नवऱ्याकडे, असं आहे का? दुखापतीचं कारण दर वेळी बाथरूममध्ये घसरणं हेच असतं का? ती एकटी असताना विचारा, ‘तुला तिथे भीती वाटते का?’ आणि उत्तर आल्यावर लगेच जावयाला फोन लावू नका, काका-मामांची बैठकही बोलावू नका. त्या बैठकीची किंमत तिला परत गेल्यावर चुकवावी लागते. घर सोडायच्या सुमारास आणि सोडल्यानंतर धोका सर्वांत जास्त असतो, म्हणून कधी आणि कसं निघायचं हे तिच्याशी बोलून ठरवा. आधार कार्ड, विवाह नोंदणीचा दाखला, बाळाचा जन्मदाखला, पासबुक, दवाखान्याचे कागद आणि जखमांचे फोटो यांच्या प्रती तुमच्याकडे राहू द्या. ती ‘जाते परत’ म्हणाली तरी रागावू नका. दार उघडं आहे हे तिला माहीत असलं पाहिजे.

‘गळ्याला हात लावला’ असं ती म्हणाली, तर मात्र थांबू नका. बाहेरून वळ दिसला नाही तरी आत इजा झालेली असू शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके दिसणं या खुणा असतील तर तिला तातडीनं रुग्णालयात न्या. ज्या नवऱ्यानं एकदा गळा दाबला, त्याच्या हातून पुढे जीव जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढलेला असतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘तक्रार म्हणजे घटस्फोट.’ नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संसार न मोडताही संरक्षण मिळतं आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. ‘हात उचलत नाही ना, मग हिंसा कसली?’ कायद्यात शाब्दिक, मानसिक, लैंगिक आणि आर्थिक छळही हिंसाच आहे. ‘दारू सुटली की थांबेल.’ त्याच सर्वेक्षणात नेहमी नशेत असणाऱ्यांच्या बायकांत हिंसेचं प्रमाण ७० टक्के आहे हे खरं, पण दारूला न शिवणाऱ्यांच्या बायकांतही ते २३ टक्के आहे. ‘घर सासऱ्यांच्या नावावर, तिचा काय हक्क?’ सामायिक घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी तिथे राहण्याचा हक्क ती मागू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केलं. नवऱ्यालाच घराबाहेर राहण्याचा आदेशही न्यायदंडाधिकारी देऊ शकतात. ‘मुलं हातची जातील.’ संरक्षणासाठीच्या अर्जातच मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. ‘खेटे सासरच्या गावी घालावे लागतील.’ ती जिथे तात्पुरती राहत असेल, म्हणजे माहेरीही, तिथल्या न्यायालयात अर्ज करता येतो. निकाल ६० दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून अंतरिम आदेश सुरुवातीलाच मागा.

‘आम्ही मध्ये कसं पडायचं?’ हा शेवटचा. याच कायद्याच्या कलम ४ नुसार हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कुणीही देऊ शकतं आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तिच्या वतीनं न्यायालयात अर्जही करता येतो. फक्त तिला विचारून करा. आपल्या भागातले संरक्षण अधिकारी कोण, हे महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात कळेल. सल्ल्यासाठी १८१, जीवावर बेतलं असेल तर ११२.