वेळ पोचवण्याचा धंदा

खगोलशास्त्रज्ञ वैतागला की काय होतं, याचा नमुना पॅरिसच्या वेधशाळेत सापडतो. १९३० च्या सुमारास तिथे संचालक होते अर्नेस्त एस्कलांगों. वेधशाळेचा टेलिफोन कायम गुंतलेला. कामाचा फोन लागायची मारामार, कारण अर्धं पॅरिस तिथे फोन करून एकच प्रश्न विचारायचं, "किती वाजले?" उत्तरं देऊन माणसं थकली, तेव्हा साहेबांनी ठरवलं की हे काम यंत्राच्या गळ्यात घालायचं.

बोलपट नुकतेच आले होते. फिल्मवर आवाज प्रकाशाच्या रेषांत उमटवायची युक्ती त्यांनी तिथूनच उचलली. तीन पट्टे, एकावर तास, दुसऱ्यावर मिनिटं, तिसऱ्यावर सेकंद. ते फिरत्या नळकांड्यावर बसवले आणि प्रकाशविद्युत घटाने वाचले जायचे. आवाज दिला मार्सेल लापोर्त या नावाजलेल्या रेडिओ निवेदकाने. १४ फेब्रुवारी १९३३ ला हे बोलकं घड्याळ सुरू झालं. पहिल्याच दिवशी १,४०,००० लोकांनी फोन केला आणि वेळ ऐकायला मिळाली जेमतेम २०,००० जणांना, कारण लाइनी मूठभर होत्या. वेधशाळेचा वैताग संपला नाही, त्याची फक्त टेलिफोन खात्यात बदली झाली.

अचूक वेळेच्या गोष्टी वेधशाळेच्या दुर्बिणीपाशी किंवा आण्विक घड्याळापाशी सुरू होतात हे खरं. पण तिथे गडबड फार होत नाही. गडबड होते ती पुढच्या टप्प्यावर. तयार झालेली वेळ गिऱ्हाइकाच्या दारात शिळी न होता पोचवायची कशी? या धंद्यातले सगळे मजेदार किस्से त्या वाटेवरचे आहेत.

हातपिशवीतलं ग्रिनिच

लंडनमध्ये तर वेळ अक्षरशः घरपोच मिळायची. ग्रिनिच वेधशाळेतले जॉन हेन्री बेलव्हिल १८३६ पासून एक उत्तम क्रोनोमीटर घेऊन शहरातल्या घड्याळजींकडे फिरायचे आणि वर्गणी घेऊन वेळ दाखवायचे. त्यांच्यामागे पत्नी मारिया आणि नंतर मुलगी रूथ यांनी हाच व्यवसाय चालवला. घड्याळ जॉन अरनॉल्ड या कारागिराचं, म्हणून रूथबाई त्याला 'अरनॉल्ड'च म्हणायच्या. मूळचं सोन्याचं कवच काढून चांदीचं बसवलं होतं. लंडनच्या गल्ल्यांतून सोनं मिरवणं परवडणारं नव्हतं.

१९०८ मध्ये तारेने वेळ पुरवणाऱ्या एका कंपनीच्या साहेबांनी जाहीर भाषणात ही पद्धत जुनाट ठरवली आणि बाई असल्याचा फायदा घेऊन या गिऱ्हाइकं मिळवतात असंही सुचवलं. भाषण 'टाइम्स'मध्ये छापून आलं. वार्ताहर रूथबाईंच्या दाराशी गोळा झाले, त्यांचं नाव गावभर झालं आणि गिऱ्हाइकं वाढली. प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्या खर्चाने केलेली अशी जाहिरात क्वचितच कोणाच्या नशिबी येते. रेडिओ आला, बोलकं घड्याळ आलं, तरी बाई १९४० पर्यंत फिरत होत्या.

राजकवी परीक्षक

ब्रिटिश पोस्ट खात्याला बोलकं घड्याळ करायचं होतं तेव्हा त्यांनी आपल्याच टेलिफोन ऑपरेटर मुलींची आवाजाची स्पर्धा घेतली. परीक्षकांत राजकवी जॉन मेसफिल्ड होते, रंगभूमी गाजवणाऱ्या सिबिल थॉर्नडाइक होत्या. एथेल केन ही ऑपरेटर जिंकली. बक्षीस दहा गिनी. २४ जुलै १९३६ पासून लंडनकर टी-आय-एम ही अक्षरं फिरवून तिच्या तोंडून वेळ ऐकू लागले. तिचे शब्द काचेच्या तबकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी नोंदवले होते. 'दहा', 'वीस', 'सेकंद' हे सगळं वेगवेगळं बोलायचं आणि जोडल्यावर मात्र एका दमात बोलल्यासारखं वाटलं पाहिजे. रेल्वे स्टेशनवरच्या घोषणा ऐकलेल्यांना हे किती अवघड आहे ते सांगायला नको.

बीबीसी रेडिओवर वेळ सांगणाऱ्या सहा 'पिप'ची कूळकथा याहून साधी. १९२३ मध्ये फ्रँक होप-जोन्स या घड्याळतज्ज्ञाने रेडिओवरच्या भाषणाच्या शेवटी सेकंद तोंडाने मोजून दाखवले. लोकांना ते आवडलं. राजखगोलज्ञ फ्रँक डायसन यांनी ग्रिनिचच्या लंबकाच्या घड्याळांना विजेचे संपर्क जोडून दिले आणि ५ फेब्रुवारी १९२४ पासून पिप सुरू झाले. पाच आखूड, सहावा लांब, ही रचना मात्र १९७२ पासूनची. लीप सेकंद, म्हणजे घड्याळात मुद्दाम घातलेला जादा सेकंद, आला की एक पिप वाढतो. मग शेवटचा कुठला हे ऐकणाऱ्याला कळायला नको का?

पिप चालू असताना बोलणं हा तिथल्या निवेदकाचा मोठा गुन्हा. पण १७ सप्टेंबर २००८ ला सकाळी आठ वाजता गुन्हा पिपनेच केला. ते सहा सेकंद सरकले आणि सहाऐवजी सात पिप वाजले. तंत्रज्ञांनी दोष शोधला तो पिप तयार करणाऱ्या यंत्रात. उपाय आपल्या घरातलाच निघाला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं.

मुंबईने परत पाठवलेली वेळ

वेळ नीट पोचूनही गिऱ्हाईक ती घेईलच असं नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. बंगालच्या फाळणीने देश तापलेला, त्यात सरकारने घड्याळाला हात घातला. गिरणी कामगारांत असंतोष उसळला, आणि महापालिकेने 'मुंबई टाइम' धरून ठेवला तो थेट १९५५ पर्यंत. म्हणजे स्वातंत्र्य मिळून आठ वर्षं होईस्तोवर या शहरात "किती वाजले?" याला दोन खरी उत्तरं होती.

पुढच्या पिढीने टेलिफोनवर १७४ फिरवून वेळ विचारली, नाहीतर आकाशवाणीवर भरवसा ठेवला. पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या लागल्या की घड्याळ लावायचं, डबा भरायचा आणि घर सोडायचं. या सगळ्यामागे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतली आण्विक घड्याळं. प्रयोगशाळेचं 'एटीए' हे केंद्र ५, १० आणि १५ मेगाहर्ट्‌झवर सेकंदाचे ठोके द्यायचं. ते आता बंद आहे. दिल्लीचं बातमीपत्र उपग्रहामार्फत येऊ लागल्यावर एक गंमत झाली. उपग्रह ३६,००० किलोमीटर उंचीवर. ध्वनिसंकेताला वर जाऊन खाली यायला सुमारे पाव सेकंद लागतो. म्हणजे त्या वाटेने आलेला कुठलाही ठोका दारात पोचेपर्यंत पाव सेकंद शिळा.

एकाच फळीवर दोघं

अमेरिकेत कोलोरॅडोमधलं डब्ल्यूडब्ल्यूव्ही आणि हवाईमधलं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच ही दोन सरकारी वेळकेंद्रं चार सारख्याच कंप्रतांवर बोलतात. दोन्ही एकदम ऐकू येणारा श्रोता गोंधळणार, म्हणून बोलण्याची पाळी ठरली आहे. मिनिट भरायला पंधरा सेकंद उरले की हवाईची बाई वेळ सांगते, साडेसात सेकंद उरले की कोलोरॅडोचा पुरुष. ठोक्यांचे सूरही वेगळे, एकाचा १,००० हर्ट्‌झ, दुसऱ्याचा १,२००. हवाईचा आवाज वर्षानुवर्षं होता जेन बार्ब यांचा. अमेरिकेतल्या कित्येक शहरांत टेलिफोनवर वेळ सांगणाऱ्याही त्याच.

चीनच्या बीपीएम केंद्राने आणखी वेगळी शक्कल काढली. शेजाऱ्यांच्या ठोक्यांत आपला मिसळू नये म्हणून त्यांचे ठोके मुद्दाम २० सहस्रांश सेकंद आधी पडतात. वेळेच्या धंद्यात जाणूनबुजून घाई करणारी माणसंही आहेत तर!

डब्ल्यूडब्ल्यूव्हीचे ठोके फोनवरही ऐकता येतात. रेडिओलहरीला दर ३०० किलोमीटरला एक सहस्रांश सेकंद लागतो, तो हिशेब मांडता येतो. अमेरिकेतल्या तारेच्या फोनवर उशीर साधारण ३० सहस्रांशांच्या आत असतो. मोबाइलवर तो वाढतो, आणि किती वाढेल हे त्या क्षणीच्या वाटेवर.

घड्याळ शाबूत, माणूस नाही

जपानमधली असंख्य भिंतीवरची आणि मनगटी घड्याळं रेडिओसंकेत पकडून आपोआप वेळ जुळवतात. संकेताचं एक केंद्र ओताकादोया डोंगरावर आहे, फुकुशिमाच्या अणुभट्टीपासून वीस किलोमीटरच्या आत. मार्च २०११ मध्ये अणुभट्टीचा अपघात झाला आणि परिसर रिकामा करायचा हुकूम निघाला. कर्मचाऱ्यांना केंद्र सोडावं लागलं आणि संकेत थांबला. त्यावर विसंबलेली घड्याळं बंद पडली नाहीत, पण कोणी चूक दुरुस्त करणारं नसल्याने साध्या क्वार्ट्‌झ घड्याळांसारखी हळूहळू सरकू लागली. साधारण चाळीस दिवसांनी, २१ एप्रिलला, प्रक्षेपण पुन्हा सुरू झालं. इतक्या स्वयंचलित व्यवस्थेलाही डोंगरावर जाऊन येणारी चार माणसं लागतात.

उशिराचं बिल

कॅनडाच्या सीबीसी रेडिओवर रोज दुपारी एकला, ५ नोव्हेंबर १९३९ पासून, एक लांब 'डॅश' वाजायचा. ९ ऑक्टोबर २०२३ ला तो कायमचा थांबवला. घड्याळात काही बिघडलं नव्हतं. तेच प्रक्षेपण उपग्रहावरून, इंटरनेटवरून, मोबाइलवरून प्रत्येकाकडे वेगवेगळ्या उशिराने पोचू लागलं होतं, आणि अचूक म्हणून अशी वेळ सांगणं त्यांना पटेना.

या दुखण्यावरचा आजचा इलाज डेव्हिड मिल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाचा. जन्मापासून काचबिंदू, पुढे पूर्ण अंधत्व. १९८० च्या दशकात त्यांनी इंटरनेटसाठी वेळेचा प्रोटोकॉल रचला, एनटीपी. त्यात संगणक नुसतं "किती वाजले?" विचारत नाही. प्रश्न निघाला कधी, तिकडे पोचला कधी, उत्तर निघालं कधी, परत आलं कधी, हे चारही आकडे तो घेतो आणि येण्याजाण्याच्या वेळेचं निम्मं धरून उशीर काढतो. वेळ घेऊन येणाऱ्याकडून प्रवासाचा हिशेब मागणारी ही सर्वदूर पसरलेली व्यवस्था. मिल्स जानेवारी २०२४ मध्ये वारले. तोवर आपल्या खिशातले फोन, बँकांचे सर्व्हर, रेल्वेची तिकीटयंत्रणा, सगळी या ना त्या रूपात अशाच हिशेबावर विसंबलेली होती.

एक फट मात्र त्यांनाही बुजवता आली नाही. निम्मं धरायचं तर जायला जितका वेळ लागला तितकाच यायला लागला असं मानावं लागतं. घाटातून एसटीने प्रवास केलेला कोणीही सांगेल की चढणीचा वेळ आणि उताराचा वेळ एक नसतो. इंटरनेटच्या वाटाही तशाच, आणि दोन्ही वाटांत जितका फरक, त्याच्या निम्मी चूक तुमच्या घड्याळात मुकाट्याने येऊन बसते.